यादीतला चौथा प्रोग्राम

कॉम्प्युटरची बेसिक भाषा शिकायला लागले तेव्हा सरावासाठी मी चार छोट्या प्रोग्रामची यादी केली होती: पाढे, गुणपत्रिका, तारखेवरून वार आणि लाकडाचे घनफूट. चौथा बाबांसाठी होता. लकडगंजमधल्या लाकडाच्या टालावर त्यांनी आयुष्यभर ओंडक्यांचे घनफूट काढले होते, तेही तोंडी.

क्लासमध्ये कॉम्प्युटर एकच, माझी पाळी शनिवारी. तोवर प्रोग्राम वहीत लिहायचा. पडताळ्यासाठी बाबा आधीच उत्तर काढून देत. नियमही त्यांचाच: घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याला त्यानेच गुणायचं, मग लांबीने. सहा फूट घेर, आठ फूट लांबी. बाबा म्हणाले, बारा.

शनिवारी मशीनने अठरा दाखवले. चूक माझीच असणार म्हणून मी तासभर एकेक ओळ तपासली. शेवटी सरांनी कागदावर गणित मांडलं. अठराच बरोबर होते. बाबा मधला गुणाकार विसरले होते.

घरी त्यांनी दारातच विचारलं, "काय म्हणते वं तुही मशीन?"

"अठरा म्हणते."

"पाह्य! लाकूड न पाहता हिशोब लावून राहिली!"

ते हसले. मग बोटांवर मोजू लागले, पुन्हा मोजलं, आणि हसू मावळलं.

"काहून जमून नाही राहिलं?"

"मशीनच चुकली, बाबा," मी म्हणाले.

पुढच्या वर्षी त्यांना टालावरून घरी यायचा रस्ता आठवेना. यादीतल्या तीन ओळींपुढे मी 'झालं' लिहिलं आहे. चौथा प्रोग्राम पहिल्याच दिवशी बरोबर चालला होता. त्याच्यापुढे लिहायला हात झाला नाही.