पुसायची राहिलेली ओळ

विलासदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपुरात ऑफिसच्या जिन्यात होते. छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं... त्याच्या मेहुण्याने एवढंच सांगितलं. नागपूरहून वर्धा काही लांब नाही. तरी मी अंत्यविधीला गेले नाही, नंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही नाही. कामाचं निमित्त पुढे केलं. खरं कारण आज लिहिते. ते लपवून त्याच्याबद्दल चांगलं चांगलं लिहिणं मला जमणार नाही.

मूळचा वडनेरचा हा माणूस वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत राहत्या घराच्या पुढच्या खोलीत प्रोग्राम लिहायचा. कॉलेज संपल्यावर मी त्याच्या हाताखाली लागले. गावोगावच्या रक्ततपासणीचे अहवाल नेटवरून सांकेतिक, म्हणजे कुलूपबंद स्वरूपात यायचे. आमचा प्रोग्राम ते उघडून वाचायचा. प्रत्येक अहवालासाठी मेमरीत नवी जागा घेतली की आमचा जुना सर्व्हर धापा टाकायचा, म्हणून एकच बफर, म्हणजे मजकूर तात्पुरता ठेवायची जागा, पुन्हा पुन्हा वापरायचा. दादाची अट एकच होती. "रस्त्यात कुलूप असते, अरुणा. पण आपल्या बफरात माणूस उघडा पडते. पुसल्याबिगर ती जागा दुसऱ्याले देऊ नोको." दिवसातून चारदा हेच ऐकून मी वैतागायचे. तो फार काटेकोर होता, माझ्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचायचा.

तो दोन दिवस वडनेरला गेला होता, तेव्हा मी बफर पुसणारी ओळ काढून टाकली. काम जरा भरभर होऊ लागलं आणि मी स्वतःवर खूश झाले. मग एका लांबलचक अहवालामागून एक छोटा आला. नव्या मजकुराने अर्धीच जागा भरली, उरलेल्या जागेत जुन्याचं शेपूट तसंच राहिलं, आणि माझ्या प्रोग्रामने नव्या अहवालापुरताच मजकूर न देता अख्खा बफर छपाईला पाठवला. हिंगणघाटकडच्या एका नव्या सुनेच्या कागदावर भलत्याच माणसाच्या आजाराच्या दोन ओळी छापल्या गेल्या. सासरच्यांनी तिला माहेरी धाडलं.

चूक सापडली त्याच दिवशी दादा मला घेऊन एसटीने तिच्या सासरी गेला. अंगणात उभं राहून हात जोडले. "चूक माह्या हातून झाली, मावशी. पोरीले काईच नाई. तिले घेऊन या." मी त्याच्या मागे उभी होते. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता, मी उघडलं नाही. परतताना तो एवढंच म्हणाला, "तुले अजून लय काम करायचं हाये." सून परत नांदायला आली, पण चूक स्वतःवर घेतल्यामुळे दादाचं काम गेलं. पुढे तो शिकवण्या घेऊ लागला. नागपूरची नोकरी मला त्याच्याच शिफारशीवर लागली. त्यानंतर तीन वर्षांत मी त्याच्या घरी एकदाही गेले नाही. फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारायचे... लाज वाटायची, दुसरं काही नाही.

मागच्या रविवारी गेले. वहिनींनी पाणी दिलं. मी पेला हातातच धरून म्हणाले, "वहिनी, ती चूक दादाची नव्हती. माझी होती."

"मले माहीत हाये," त्या म्हणाल्या. "त्याईनं तवाच सांगतलं होतं."

"रागावला होता?"

"नाई वं. म्हणे, अरुणा येईन, सोताच सांगीन. तिले सुट्टी रविवारीच असते म्हणून रविवारी कुठी जात नव्हते, घरीच राहत." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "काऊन नाई आली वं तू?"

मी पेला खाली ठेवला. वहिनींनी उठून पुढची खोली उघडून दिली. मी आत गेले, त्याच्या खुर्चीसमोर उभी राहिले आणि वहिनींना जे सांगितलं होतं तेच पुन्हा एकदा मोठ्याने सांगितलं.