तीन शाली, एक काठी

मंगळवारी सकाळी नलूताई गटारात पडल्या. डोक्याला मार लागला. शुक्रवारी दवाखान्यात वारल्या.

गटार आमच्याच आळीतलं. कोपऱ्यावरच्या होमस्टेच्या मालकाने सुट्टीतले पाहुणे यायच्या आधी ते साफ करायला काढलं होतं. वरच्या लाद्या उचलून बाजूला रचल्या होत्या. नलूताई दिवसाउजेडी, चार माणसांच्या देखत पडल्या. हे आधीच सांगतो, कारण गावात आता ‘त्यांचं नशीब’ अशी भाषा सुरू झाली आहे. नशिबाचा इथे काही संबंध नाही.

तेविसाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. मुंबईच्या एका संस्थेत सहा महिने राहून त्या काठी धरून चालायला आणि ब्रेल वाचायला शिकल्या, आणि दिवेआगरच्या शेजारच्या आमच्या गावात परत आल्या. वाडीवाल्यांची सुपारी सोलून त्या पोट भरत. दर शनिवारी ग्रंथालयाच्या ओसरीवर त्यांचा वर्ग भरे. आसपासच्या गावांतून दृष्टी गेलेली चार माणसं येत. त्यांना त्या काठीने चालायला, एसटीत चढायला, चुलीजवळ न भाजता वावरायला शिकवत. मी त्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल.

आमच्याकडे आंधळं माणूस जवळून जाऊ लागलं की लोक बोलायचे थांबतात. आदर म्हणून. त्या पहिल्यांदा ग्रंथालयात आल्या तेव्हा मीही वाचकांशी चाललेलं बोलणं थांबवलं. दारातच उभ्या राहून त्या म्हणाल्या, “कोन मेलं काय हितं? बोला की! तुमी बोललात तर भिंत कुठं, दार कुठं ते मना कलतं. गप बसलात की मी भर समुद्रात.” मी ओशाळून खुर्ची पुढे केली, तीही न बोलता. “आता खुर्ची सरकवली ना? मग सांगा तसं, भाऊ. तोंडाला कुलूप लावून पुस्तकं वाटता व्हय?”

अपंगत्वाच्या दाखल्याच्या नूतनीकरणासाठी एकदा मी त्यांच्यासोबत कचेरीत गेलो होतो. टेबलामागचा माणूस सगळं मलाच विचारत होता. यांचं नाव काय, यांना सही येते का, यांना किती दिसतं. नलूताईंनी तीन प्रश्न ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “साहेब, तक्रार डोल्यांची हाय. कान शाबूत हायत माझे.” तो हसला आणि चौथा प्रश्नही मलाच विचारला.

वादळात वाड्या आडव्या झाल्या त्या वर्षी सगळं गाव पत्रे शोधत फिरत होतं. नलूताई पंधरा दिवस घरात बसून होत्या. माडांच्या झावळ्यांचा आवाज कुठून येतो यावरून त्या वळणं ओळखत. ते माडच राहिले नव्हते. पंचनाम्याला आलेल्यांना त्या म्हणाल्या, “यांची छपरं गेली ती लिवलीत. माझी वाट गेली ती कुठं लिवनार?” सगळे हसले. मीही हसलो. सोळाव्या दिवशी त्या काठी घेऊन एकट्या बाहेर पडल्या आणि महिनाभरात आळी नव्याने पाठ केली.

गावाला त्यांचा अभिमान होता. हा अभिमान फार सोयीचा. तो असला की दुसरं काही करावं लागत नाही. गेल्या वर्षी त्यांचा सत्कार झाला. वत्सला ही त्यांची विद्यार्थिनी, साखरेच्या आजाराने दृष्टी गेलेली. तिच्या पांढऱ्या काठीसाठीचा अर्ज तेव्हा आठ महिने पडून होता. सत्काराला उत्तर देताना ताई एवढंच म्हणाल्या, “शाली तीन झाल्या. काठी एकच हाय. मानसं चार.” टाळ्या पडल्या. काचेच्या चौकटीत मढवलेलं मानपत्र त्यांच्या हातात दिलं गेलं. ते मी लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं : नलूताईंना आपल्यापेक्षा जास्त दिसतं.

दुसऱ्या दिवशी त्या ग्रंथालयात आल्या. “वाचून दाखवलं मना शेजारनीनं. भाऊ, मना दिसत न्हाय. न्हाय म्हंजे न्हाय. तुमी शिकलेली मानसं असं लिवता, मग लोकांना वाटतं हिला काय सांगायचं.”

मी म्हणालो, “ताई, ते अलंकारिक आहे.”

“खड्ड्यात पडल्यावर हाड अलंकारिक मोडत न्हाय.”

मानपत्र मी बदललं नाही. आता कुठे ती चौकट उघडा, असं वाटलं.

वत्सलाची काठी आलीच नाही. शेवटी, पडण्याआधीच्या शनिवारी, नलूताईंनी स्वतःची काठी तिला आठवडाभर सरावाला दिली. “आपल्या आलीतली वाट मना पायाखालची हाय,” म्हणाल्या. मंगळवारी त्या हात किंचित पुढे धरून, नेहमीच्या चालीने येत होत्या. होमस्टेचा मालक आणि त्याचे दोन गडी गटाराशी उभे होते. त्यांना येताना पाहून ते बोलायचे थांबले. आदर म्हणून. चौथा मी. ग्रंथालयाच्या पायरीवर, वर्तमानपत्र हातात घेऊन. गटार उघडं आहे हे मला दिसत होतं. हातात काठी नाही हेही दिसत होतं. मला वाटलं, त्या थांबतील. त्या नेहमी थांबत. ‘ताई, थांबा’ म्हणायला किती वेळ लागतो? मी नंतर खोलीत एकटा असताना म्हणून पाहिलं. काहीच लागत नाही.

मालक रडत होता. “आमाला वाटलं, ताईंना कलतंय,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याच्यावर ओरडावं असं मला वाटलं, पण कोणत्या तोंडाने ओरडणार होतो?

शोकसभेत सरपंचांनी ते मानपत्र पुन्हा वाचलं. त्या वाक्याशी ते थांबले, लोकांनी माना डोलावल्या. मी सभेत कधी बोलत नाही. त्या दिवशी उभा राहिलो आणि म्हणालो, “त्यांना दिसत नव्हतं. मी खोटं लिहिलं. आपल्याला दिसत होतं.” कुणीतरी माझा हात धरून मला खाली बसवलं. भावनेच्या भरात बोलले, असं सरपंच म्हणाले, आणि दोन मिनिटं शांतता पाळण्यात आली.

वत्सलाने काठी परत आणून दिली. माझ्यामुळे झालं म्हणाली. मी ती घेतली नाही. तिच्या हातात परत ठेवली आणि ठेवतो आहे हे तिला सांगितलं. वर्गातल्या चौघांपैकी दोघांच्या घरच्यांनी त्यांना पाठवणं बंद केलं आहे. शनिवारी ओसरीवर आता वत्सला आणि आणखी एक जण येतात. त्यांना शिकवणारं कुणी नाही. मी त्यांच्या बाजूने चालतो आणि पुढे काय आहे ते मोठ्याने सांगतो.