सोडलेला भात

कुकरमधून भाताचा वास आला की दुसऱ्या लाटेतला तो एप्रिल आठवतो. पन्नाशीत वजन उतरवायचं म्हणून मी भात सोडला होता आणि आई नागपूरहून रोज व्हिडिओ कॉलवर म्हणायची, ‘किती वाळली गं तू, घासभर तरी भात खा.’ त्याच महिन्यात ती कोविडने गेली. आयर्लंडहून जाणं शक्यच नव्हतं. दहाव्याला मी इथे मेनूथ गावातल्या माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून मोबाइलवर घाट बघत होते. पिंडाला कावळा काही शिवेना. शेवटी भाऊ फोन पिंडाजवळ नेऊन म्हणाला, ‘ताई, तूच बोल आता.’ मी म्हटलं, ‘आई, खाईन गं मी भात.’ कावळा लगेच खाली उतरला. परवा इथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, वजन फार वाढलंय, भात बंद करा. मी इथल्या लोकांसारखं ‘ग्रँड’, म्हणजे ‘बरं’, म्हणाले आणि घरी येऊन कुकर लावला.