डोळ्यांनीसुद्धा गुपचूप

डहाणूच्या बाजारात बसणारी नरपडची एक मावशी खास गिऱ्हाइकांसाठी पापलेटं बोंबलांखाली दडवते आणि हळूच "गुपचूप ने" म्हणते. मला पहिल्यांदा म्हणाली, तर मी आनंदाने ओरडलो, "वा, केवढी ही पापलेटं!" बायका तुटून पडल्या. मी बोंबील घेऊन घरी.

"दादा, नुसतं तोंडानं नाय, डोळ्यानं पन गुपचूप रावाचं," मावशी करवादली.

पुढे सासरे प्रथमच जेवायला येणार होते. त्या सकाळी मी बोंबलांना नावं ठेवत, भलतीकडे बघत पिशवी पुढे केली. पापलेटं अलगद आत आली. मी मख्ख चेहऱ्याने वळलो, तोच मावशी अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "शिकला गं, माझा दादा शिकला! पापलेटं घेऊन चालला, कोनाला कळलं पन नाय!"