गुरुदत्तच्या पायातले बूट

गुरुदत्त कोठारे गेला तेव्हा त्याच्या पायांत बूट होते. त्याच्या बायकोच्या, सुमतीच्या संशयाला तेवढं पुरेसं होतं.

बूट घालून तो शर्यतीची गाडी कधीच चालवत नसे. ऑपेरा हाऊसजवळच्या एका गॅरेजात मालक शेठच्या शर्यतीच्या गाड्या होत्या. इंजिन खोलून पुन्हा बसवलं की शर्यतीआधी गाडी पळवून बघायची, हे गुरुदत्तचं काम. बसण्याआधी तो बूट काढून बाजूला ठेवी, देवळात शिरावं तसा. ब्रेक कुठे धरतो, कुठे सुटतो हे तळव्याला कळतं, कातड्याला नाही, असं म्हणे. घरी आला की काळे तळवे गार लादीवर टेकवून बसे, आणि सुमती म्हणे, "आधी पाय धुवा, मग काय ते गाडीपुराण."

त्याच्या वडिलांना हे सगळं खुपे. नाना बंदराच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. भाजी आणायलासुद्धा कोट-टोपीशिवाय गिरगावात खाली उतरत नसत. तीन पिढ्या लेखणीवर जगलेलं घर, आणि हा मॅट्रिक होऊन ग्रीस फासून घेतो. कुणी विचारलं तर नाना सांगत, मुलगा मोटर कंपनीत आहे. कंपनीत काय करतो, ते सांगत नसत.

त्या सकाळी लढाईच्या काळातल्या एका जुन्या धावपट्टीवर गाडी उलटली. शेजारच्या जागेवर शेठचा मुलगा मनमोहन होता. त्याचा हात मोडला. गुरुदत्त जागच्या जागी गेला. गॅरेजच्या माणसांनी नानांना घरून थेट इस्पितळात नेलं. सुमती दादरला माहेरी होती. ती पोचली तेव्हा व्हरांड्यात स्ट्रेचर होतं. चादर आखूड होती, आणि चादरीबाहेर नाड्या बांधलेले बूट होते.

म्हणजे गाडी तो चालवत नव्हता. मनमोहन चालवत होता, आणि माणूस गेल्यावर जागांची अदलाबदल झाली. गॅरेजवाले सांगत होते, चालकाची चूक. चूक एकाची आणि नाव मेलेल्याचं, असं तिने मनात पक्कं केलं.

चाळीला तर पुरावाही लागला नाही. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. भिंतीभिंतीवर घोषणा, आणि शेठ म्हटला की तो आधीच गुन्हेगार. खालच्या मजल्यावरचे शामराव जिन्यात गाठून म्हणत की शेठची माणसं काहीही करतील, आणि मग हळूच, "वहिनी, तुम्हालाही गप्प बसायला सांगितलंय का हो?"

संशयाला शेजार मिळाला की तो वाढत जातो. मेकॅनिक कुशाबा भेटायला आला तो तिच्याकडे न बघता चहा प्यायला; का बघत नाही? मनमोहन अर्ध्या जिन्यातून परत गेला. कशाला आला होता, आणि कशाला फिरला? गुरुदत्तचं नाव निघालं की नाना उठून गॅलरीत जात. ह्यांनाही काही ठाऊक आहे, असं धरून ती त्यांना जेवायला वाढी.

वर्षश्राद्ध झालं. गॅरेजात गुरुदत्तची तसबीर लावायची ठरली, आणि हार तिने घालावा असा निरोप घेऊन कुशाबा आला. दुसऱ्याचं पाप जिथे ह्यांच्या माथी मारलं, तिथे आपण पाऊल ठेवणार नाही, असं तिने नानांसमोरच सांगितलं. गाडी कोण चालवत होतं ते ह्यांच्या पायांतले बूटच सांगतात, असंही म्हणाली.

"बूट?" कुशाबा म्हणाला, आणि नानांकडे बघू लागला.

नानांनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

"मी घातले," ते म्हणाले. "पोलीस येणार, वर्तमानपत्रवाले येणार, आपली माणसं येणार. तळवे काळे होते त्याचे, हमालासारखे. कोठाऱ्यांचा मुलगा अनवाणी पडलाय, हे लोकांनी बघायचं? त्याचेच बूट ह्या कुशाबाने उचलून आणले होते, ते मागून घेतले."

कुशाबाने मान हलवली.

"हे सांगायला तुम्हाला कुणी सांगितलं, मामंजी?"

"उजवा जाईना," नाना म्हणाले. ते तिच्याशी बोलतच नव्हते जणू. "घोट्यात उलटा वळला होता. ब्रेकवर होता ना तो पाय. नाडी सगळी ओढून काढली, तेव्हा गेला. मग परत ओवली."

असं कुणी पढवत नाही. सुमती उठून मोरीत गेली, आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

तसबिरीच्या दिवशी ती गॅरेजात गेली. मनमोहन मागे, पिंपांपाशी उभा होता. वर्षभर जिला चुकवलं ती समोर येताना पाहून त्याने पाठीमागे बघितलं, पण तिथे भिंत होती.

"तुम्ही चालवत नव्हता," ती म्हणाली.

"नव्हतो, वहिनी. मी पहिल्यापासून तेच सांगतोय." मग खाली बघून म्हणाला, "ते थांबत होते. ब्रेक बरोबर नाही, गाडी परत नेऊ म्हणाले. मी म्हटलं, एकच फेरी अजून."

"हे कुणाला ठाऊक आहे?"

"पप्पांना."

शेठ पुढे तसबिरीची चौकट पुसत होते. कुणीतरी सुमतीच्या हातात हार दिला. जमलेली माणसं बाजूला झाली.

"आत्ता मला सांगितलंत ते सगळ्यांना सांगा," ती मनमोहनला म्हणाली, "मग घालते."

शेठचा हात चौकटीवर थांबला. मनमोहन बापाकडे बघत राहिला. सुमतीने जवळची खुर्ची ओढली आणि हार मांडीवर घेऊन बसली. तिला कसलीच घाई नव्हती.