कबुतराचं की घुबडाचं

माझी थोरली जाऊ काठीसारखी बारीक, आणि गल्लीतली पोरं तिला म्हणतात देवमासा मावशी. कारण आमच्या म्युझियमच्या छताला टांगलेला देवमाशाचा सांगाडा गेली सव्वीस वर्षं तीच झटकते. मी त्याच म्युझियमच्या तिकीटखिडकीत बसते. ही नोकरी तिनं लावून दिली, हे महिन्यातून एकदा तरी ऐकवल्याशिवाय तिचा घास उतरत नाही.

तिची शाळा म्हणजे तिचं फडकं. पिसांना कोरडा ब्रश, ओलं फडकं फक्त काचेला. पुसता पुसता कार्ड वाचायचं, कळलं नाही तर मॅडमना विचारायचं. मॅडम म्हणजे म्युझियमच्या मुख्य. असं करत करत बाईनं अख्खं म्युझियम डोक्यात भरलं. घरी भाजी चिरतानाही सुरूच, "अगं, वटवाघूळ पक्षी नाही, ते पिलांना दूध पाजतं." मी म्हणायची, "पाजू दे बाई, आधी तो कांदा इकडे दे."

दर रविवारी म्युझियममध्ये मुलांचा निसर्गवर्ग भरतो. अट एकच, प्रत्येक मुलाबरोबर आई नाहीतर बाप बसला पाहिजे. अट चांगलीच आहे हो, पण आमच्या गल्लीतले आईबाप रविवारी असतात कुठे? कुणी दवाखान्यात ड्युटीवर, कुणी बेकरीत, कुणी लॉन्ड्रीत. मी वर्षानुवर्षं खिडकीतून तेच तेच चेहरे आत जाताना पाहिले. आमच्या गल्लीतलं एक पोर त्यात नव्हतं. मला राग यायचा आणि मी चडफडत बसायची. जाऊबाईंना राग आला तेव्हा त्या सरळ मॅडमच्या खोलीत शिरल्या.

"सोमवारी म्युझियम बंद असतं, पण मी पुसायला असते," ती म्हणाली. "शाळा सुटल्यावर आमच्या गल्लीतली पोरं येऊ द्या. आईबापाच्या जागी मी उभी राहते."

मॅडमनी बराच विचार केला. म्हणाल्या, "तीन सोमवार करून बघा. तिसऱ्या सोमवारी मी स्वतः येईन. घोळ दिसला तर बंद."

"नसती उठाठेव!" मी घरी येऊन म्हटलं. पण तिचा चेहरा असा फुलला होता की पुढचं बोलणं मीच गिळलं.

दोन सोमवार झकास गेले. तिकीटं नसली तरी येणाऱ्या पोरांची नावं लिहून घ्यायला मी खिडकीत असायची. अकरा पोरं आली, काचेला नाकं लावून उभी राहिली. तिसऱ्या सोमवारी मॅडम हाताची घडी घालून मागे उभ्या. जाऊबाईंनी अंड्यांचं कपाट दाखवायला घेतलं. पोरांत लॉन्ड्रीतल्या इस्त्रीवालीची मुलगी होती. दिवसभर "का? का?" करते म्हणून गल्लीनं तिचं नावच कावळी ठेवलंय.

"मावशी, हे कबुतराचं नाही," कावळी म्हणाली.

"कार्डावर लिहिलंय की."

"लिहू दे. आमच्या खिडकीत कबुतरानं दोन अंडी घातलीत, मी रोज बघते. ती लांबट आहेत. हे गोल आहे. ते शेजारचं आहे ना, तसलं आहे आमचं."

शेजारच्या अंड्यापुढे कार्ड होतं घुबडाचं.

मला एकदम आठवलं. अडीच महिन्यांपूर्वी हेच कपाट उघडून जाऊबाई पुसत होत्या, कार्डं बाजूला काढून ठेवली होती, आणि मीच मागे लागले होते, "आवर गं, चहा गार होतोय." संध्याकाळी ती म्हणाली, "कार्डं बरोबर लागली ना गं? दोन्ही अंडी पांढरीच." आणि मी म्हटलं होतं, "लागली असतील. कोण बघतंय?"

मी मॅडमच्या आडून तिला डोळ्यांनी खुणावलं, की दे सोडून. नंतर कर की सरळ. नुसतं "बाळा, पुढे चल" म्हटलं असतं तरी निभावलं असतं, सोमवार वाचला असता. ती माझ्याकडे बघेल तर शप्पथ! कावळीशेजारी उकिडवी बसली, दोन्ही अंडी नीट पाहिली आणि म्हणाली, "तुझंच बरोबर. कार्डं मी उलटी लावली. चूक माझी आहे, मॅडम."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, मला वाटलं. संपला सोमवार.

मॅडम रजिस्टर घेऊन आल्या. प्रत्येक अंड्यावर शाईनं बारीक नंबर असतो. कपाट उघडून त्यांनी दोन्ही नंबर ताडून पाहिले. कावळीचं बरोबर होतं. मॅडमचे कान लाल झाले. "अडीच महिने," त्या म्हणाल्या. "दहा रविवार मी वर्ग घेऊन इथूनच गेले. हेच कार्ड मी मोठ्यानं वाचून दाखवलं."

मग त्यांनी दोन्ही कार्डं कावळीच्या हातात दिली. "लाव तू. आणि पुढच्या सोमवारी फुलपाखरं तपासा. दर सोमवारी एकेक कपाट. दाराच्या पाटीवर लिहून टाकते मी."

मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या सोमवारी इस्त्रीवाली अर्ध्या तासाची सुट्टी काढून खिडकीशी आली. अंगाला वाफेचा वास, कपाळावर घाम. "ताई, तिकीट किती?"

"सोमवारी तिकीट नाही. जा आत."

मीही मागोमाग गेले. कावळीनं आईला ओढत आधी अंड्यांच्या कपाटापुढे नेलं. ती अंड्याकडे बघतच राहिली. "असल्या अंड्यांपायी कार्टीनं मला तीन आठवडे खिडकी उघडू दिली नाही होय! परवा पिलं बाहेर आली." मग जरा बिचकत तिनं विचारलं, "मावशी, ती उडणार कधी?"

"मला काय विचारता?" जाऊबाई म्हणाल्या. "तुमच्या खिडकीत आहेत. दोघी मिळून दिवस मोजा आणि आम्हाला येऊन सांगा."

इस्त्रीवाली हसली. "म्हणजे खिडकी अजून बंदच!"

जाऊबाईंनी फडकं खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दिसलं का, कोण बघतंय ते?"

मी तिच्या खांद्यावरचं फडकं ओढून घेतलं आणि पुढची काच पुसायला लागले. नोकरी लागल्यापासून हे पहिल्यांदाच घडलं.