चाळीस एमबीचा आवाज

कारध्याच्या पुलाजवळ चंद्रकुमारचं व्हिडिओचं दुकान आहे. पंधरा वर्षं तो लग्नं, बारशी आणि दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या दंडारी, म्हणजे नाचगाण्याचे खेळ, शूट करतो, आणि ज्यांचं शूट करतो त्यांना मनातून कवडीची किंमत देत नाही. लोक म्हणे मामाचा नाच दहा ठिकाणी फॉरवर्ड करतात, दर वेळी चित्र आणखी फाटतं, शेवटी मामाच्या जागी नुसते चौकोन उरतात, तरी हे आपले खूश! असल्या अडाण्यांची त्याला शिसारी येते.

त्याचं स्वतःचं काम मात्र पक्कं. अठरा जीबीची फाइल संगणकाला दोनदा चाळायला लावायची. पहिल्यांदा हालचाल कुठे आहे ते हेरायचं, दुसऱ्यांदा तिथेच जागा खर्च करायची. फाइल तीनशे एमबीत बसली पाहिजे आणि कपाळावरची आठीसुद्धा पुसट होता कामा नये. मग मूळ फाइल लगेच कायमची पुसायची. "दुसऱ्याचा कचरा आपल्या डिस्कवर कायले?" असं तो म्हणतो. हे सगळं आवाज बंद ठेवून चालतं, कारण दंडारीच्या गाण्यांनी त्याचं डोकं उठतं.

पोळ्यानंतर करडीच्या मनकर्णाबाई आल्या. त्यांचे यजमान यादोराव उन्हाळ्यात गेले. तीन वर्षांपूर्वी करडीच्या मंडईत यादोराव दंडारीत पाऊण तास गायले होते. ते शूट कोणी न्यायला आलंच नाही, म्हणून डिस्कवर पडून होतं.

"बुढ्याची दंडार फोनमंदी टाकून दे, बाबू. कमी जागेत बसव, पन चांगली ठेवजो."

चंद्रकुमार मनातल्या मनात हसला. गळा ताणून ओरडणारा म्हातारा, त्यात चांगलं ते काय असणार? त्याने चित्राला जपलं आणि आवाजाचा दर्जा अगदी तळाला नेला. तेवढ्यानेच चाळीस एमबी वाचले. स्वतःवर खूश होऊन त्याने फाइल फोनमध्ये टाकली आणि मूळ पुसली.

मनकर्णाबाईंनी फोन कानाला लावला.

"मावशी, व्हिडिओ हाय तो. डोयानं पाहा लागते," चंद्रकुमार खो खो हसला.

"डोयात मोतीबिंदू हाय रे. मले दिसते कुठं?" त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा कोन गाऊन राहिला?"

"तुमचाच बुढा."

"नाही. त्याचा गळा असा पान्यात बुडल्यावानी नोहता."

चंद्रकुमारने फोन ओढून घेतला आणि पहिल्यांदाच ऐकलं. शब्द गिळलेले, सूर घुसमटलेला, डफ पत्र्यासारखा. पडद्यावर मात्र यादोरावांच्या कपाळावरच्या आठ्या स्वच्छ दिसत होत्या. त्याची त्यालाच लाज वाटली.

"तुह्या कंप्युटरच्या डब्यातला मोठा लाव बरं, बाबू. एकदा आयकतो."

"पुसला, मावशी."

"काहून?"

बाकावर बसलेल्या मनकर्णाबाईंनी पदराने तोंड पुसलं. भांडण काही केलं नाही. नुसतं विचारलं, "आवाजाले लई जागा लागत होती का रे? फोनमंदी मावला नसता?"

चंद्रकुमारने फोनची जागा उघडून पाहिली. अर्ध्याहून जास्त फोन रिकामा होता.

"मावला असता," तो म्हणाला.